जास्तीचे दोन पाटे

कोणीही वाकून संत्रे उचलत नव्हते.

नाल्याच्या कोरड्या वाळूत दोन कॅरेट उपडे झाले होते आणि त्यांतली फळे उतारावरून घरंगळत जाऊन जिथे जागा मिळाली तिथे थांबली होती. वाळू पांढरी, फळे केशरी, आणि वर फाल्गुनातले कोवळेपण सोडू लागलेले ऊन. त्या रंगांच्या काठाने सातआठ बाया पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मधोमध अँबेसेडर बसली होती. पुढचे तोंड आभाळाकडे, मागची बाजू वाळूत रुतलेली, उठायचे म्हटले तरी कंबरेतून बळ न येणाऱ्या म्हशीसारखी. तिच्याखाली रूपराव पाठीवर पडला होता. त्याच्या फक्त पोटऱ्या दिसत होत्या. तो बाहेर यायला तयार नव्हता, कारण बाहेर प्रभाकरराव होते.

प्रभाकरराव मोटरसायकलवरून उतरलेही नव्हते. एक पाय वाळूत टेकून ते नुसते पाहत होते. कारंज्यात किराण्याचे दुकान आणि मोसमात बागा घेण्याचा धंदा, दोन्ही त्यांच्या बापापासून चालत आलेले. झाडावरचा सगळा बहार विकत घेऊन तो तोडायचा, निवडायचा आणि हायवेवर उभ्या ट्रकमध्ये भरायचा. बाग आणि गाव यांच्यामध्ये कालव्यावरचा अरुंद पूल होता. त्यावरून ट्रक जात नसे. म्हणून रूपरावची गाडी. सरकारी लिलावात घेतलेली, टपावरच्या लाल दिव्याचे भोक डांबराने बुजवलेले, मागची सीट काढून टाकलेली. सकाळी ती गावातून तोडणीच्या बाया आणी आणि दिवसभर संत्री वाही. बायांची टोळी रूपरावच्या बायकोची, आनंदाबाईची होती.

"रूपराव," प्रभाकरराव शेवटी म्हणाले, "मी माल पाहू का तुयी गाडी पाहू?"

पोटऱ्या हलल्या. रूपराव सरपटत बाहेर आला. कपाळावर काळ्या तेलाचा पट्टा उठला होता.

"शेट, मांगचा मेन पाटा तुटला. कमान सपाट झालती आधीच, आज तुटली."

"पाटा तुटला का तूच तुटला?"

एक बाई खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. रूपरावने कोण हसले ते पाहिले नाही. त्याने आनंदाबाईकडे पाहिले, जणू हसली ती तीच.

"परवापर्यंत टाइम देतो," प्रभाकरराव म्हणाले. "गाडी भरली तरी अशी सरळ उभी रायली पायजे. नाई त कारंज्याहून पिकप सांगतो. पिकपवाला आपले मजूर आपल्यासंगच आणते. मंग तुयीही सुट्टी अन् या बायाईचीही सुट्टी."

त्यांनी पायाशी आलेले एक संत्रे उचलले, अंगठ्याने सोलले, दोन फोडी खाल्ल्या, उरलेले वाळूत टाकले आणि मोटरसायकल चालू केली. आवाज कालव्यापार जाईपर्यंत कोणी हलले नाही. मग बाया खाली बसल्या आणि फळे वेचू लागल्या.

*

हायवेला लागून, ढाब्यांच्या रांगेच्या शेवटी, तानबाचे पत्र्याचे शेड होते. तिथे फक्त कमानी, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या जुड्या, सुधारल्या जात. आत अंधार, मधोमध लाल भट्टी, आणि भिंतीशी मेलेल्या ट्रकांचे पाटे लहानमोठ्या क्रमाने टेकवून ठेवलेले. लांबून पाहणाऱ्याला ती एखाद्या प्रचंड जनावराची बरगडी वाटावी. बाजाराचा दिवस होता, म्हणून आनंदाबाई ट्रॅक्टरने ओढत आणलेल्या गाडीतून आली होती. बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन ती एका टायरवर बसली होती.

तानबाने गाडीची मागची बाजू ठोकळ्यांवर चढवली. यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. पान्याला पाइप लावून रूपराव लोंबकळला तेव्हा बोल्ट किंचाळत सुटला. कमान खाली आली. पाट्यावर पाटा, सगळे झिजलेले, सगळ्यांत वरचा मधोमध तुटलेला. तुटीच्या जागी पोलाद नव्याने चमकत होते, आणि ते चमकणेच अश्लील वाटत होते.

"हे कमान नाई रायली बापा, हे पट्टी झाली," तानबा म्हणाला. "लोड काय रायते?"

"अठरा-वीस कॅरेट. कधी टपावरही."

"अन् सवाऱ्या?"

रूपराव दोन्ही हात चिंधीला पुसत होता. "सवाऱ्या नाई," तो म्हणाला. "सकाळी कामाच्या बाया असतात नुसत्या. त्याईचं काय वजन!"

आनंदाबाईच्या हातात चहाचा ग्लास होता. गेली सात वर्षे दर मोसमात ती त्या गाडीच्या पत्र्यावर बसून बागेत जात होती. उताराला कुठे हात टेकायचा, नाल्यात उतरताना दात कसे मिटून घ्यायचे, चाकावरच्या उंचवट्याला पाठ लावली तर कोणत्या मणक्यात कळ निघते, हे तिचे शरीर तिला न विचारता करीत असे. तिने चहाचा घोट घेतला. 

"मेन पाटा नवा टाकतो," तानबा म्हणाला. "अन् जिपचे दोन पाटे जास्तीचे टाकतो खालून. जाड हायेत. वीस कॅरेट टाकशीन तरी गाडी झुकन नाई. पन सांगून ठेवतो, खाली, रिकामी गाडी उसळन बरं. पाट्याले भार लागते. भार नाई त थो दबत नाई, माणसाले फेकते."

"उसळू दे. खाली गाडीत कोन बसते?"

भट्टीत भाता फुसफुसला. तानबाने लाल झालेला पाटा सांडशीने धरून ऐरणीवर आणला, आणि त्याचा घण पडू लागला. सपाट पोलाद हळूहळू वर उचलले गेले. मधे पोट, दोन्ही टोके आभाळाकडे. रूपराव भान हरपून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंदाबाईने कित्येक वर्षांत न पाहिलेली कोवळीक आली होती. पाटा जळक्या तेलात बुडाला, धुराचा लोट उठला, आणि त्या धुरात नवरा दिसेनासा झाला तेव्हा तिला बरे वाटले.

*

परवाच्या सकाळी गाडी दारात आली ती शेपटी उंचावून.

"अवो आनंदाबाई," रुख्मिणी ओरडली, "गाडी माजावर आली का काय वो तुमची?"

सगळ्या बाया हसल्या. रुख्मिणी टोळीतली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वाह्यात. नवरा बुटीबोरीला कंपनीत, घरी सासू आणि चालू लागलेले पोर. ती पहिली चढली, मागच्या पत्र्यावर मांडी घालून बसली आणि इतर बायांना हाताने आत ओढू लागली. आनंदाबाई नेहमीप्रमाणे चाकावरच्या उंचवट्याला पाठ लावून बसली.

गाव संपेपर्यंत हसणे टिकले. पहिल्याच खड्ड्यात गाडीने त्यांना वर उचलले आणि सोडून दिले. लाटेने उचलावे तसे नव्हे; कोणी पोत्याच्या दोन टोकांना धरून झटकावे तसे. डोकी टपाला लागली. एकीची जीभ दातांत सापडली. दुसऱ्या खड्ड्याला सगळ्यांनी एकमेकींचे दंड धरले. तिसऱ्याला धरलेले दंडच एकमेकींना लागले. जुनी कमान थकलेली होती, पण थकलेल्या गोष्टीजवळ असते तशी तिच्याजवळ दया होती. ही नवी होती. हिला काही ठाऊक नव्हते.

"भाऊजी, हळू न वो!"

"हळूच चालवून राह्यलो," रूपराव आरशात न पाहता म्हणाला.

बागेत माल भरला तेव्हा मात्र ते दृश्य पाहण्यासारखे होते. एकेक कॅरेट आत जात गेले तशी वर उठलेली शेपटी नमत आली, आणि शेवटचे ठेवले तेव्हा गाडी जमिनीला समांतर, तराजूची दांडी स्थिर व्हावी तशी उभी राहिली. रूपरावने चाकामागे हात घालून कमानीचे पोट चाचपले. प्रभाकररावांनी टपावर थाप मारली.

"हां! अब बनी बात. आता गाडी वाटते."

नाल्यात त्या भरलेल्या गाडीने वाळूला शेपूट लावले नाही. रूपराव दिवसभर शीळ घालत होता. पण संध्याकाळची शेवटची फेरी अर्धीच भरली. नुसती चुरी उरली होती, बोरापेक्षा थोडी मोठी असलेली बारकी फळे. हायवेला पोचेतो त्यांतली कित्येक देठापाशी फुटली. प्रभाकररावांनी एक दाबून पाहिले. रस त्यांच्या मनगटावर ओघळला.

"आदळते काय रे गाडी?"

"अर्ध्या लोडवर थोडीशी..."

"मंग तणस टाक ना खाली. दुकानामांग पडलं हाय, भंडाऱ्याकडून आणलेलं. सकाळीच घेऊन येत जा संग. फळाले आदळ चालत नाई, रूपराव. फळ जीव रायते."

*

म्हणून त्यानंतरच्या सकाळी गाडीत आधी तणस चढले आणि मग बाया.

धानाच्या त्या पेंढ्या सुतळीने बांधलेल्या होत्या, पिवळ्याधमक, अजून शेताचा वास असलेल्या. रूपरावने त्या मधोमध रचल्या आणि सांगितले, "बसू नका कोनी यावर. एकदा चेंदलं का मंग फळाच्या कामाचं नाई रायत." बाया पेंढ्यांच्या कडेने, पत्र्यावर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. त्यांच्या मधे ते मऊ, कोरडे, उबदार गवत लेकुरवाळीच्या बाजेवर तान्हे निजावे तसे निजले होते, आणि गाडी उसळली की प्रत्येकीचा हात आपटण्याआधी त्याला सावरायला जात होता.

कालव्याच्या अलीकडे रुख्मिणीने एका पेंढीतून मूठभर तणस उपसले आणि अलगद स्वतःच्या खाली सरकवले. मग आणखी एक मूठ.  आनंदाबाईने पाहिले आणि बाहेर बघू लागली.

गाडी थांबली.

रूपराव मागे वळला नाही. आरशातच म्हणाला, "काढ ते."

"काय भाऊजी?"

"खालचं तणस काढ. म्या पाह्यलं."

"मूठभरच त घेतलं वो. कालपासून माकडहाड ठणकते माहं, लघवीले बसता येत नाई मले..."

"शेट पेंढ्या मोजत नसन, पन मले लाज हाय. काढ."

इंजिन तसेच चालू होते; पत्रा सगळ्यांच्या अंगाखाली थरथरत होता. रुख्मिणी एका बाजूला कलली. हात लुगड्याखाली घालून तिने तणसाच्या काड्या काढल्या, एकेक, कारण त्या आता विस्कटल्या होत्या. एवढ्या बायांसमोर, स्वतःच्या अंगाखालून. तिचा काळा चेहरा आणखी काळा झाला. तिने त्या पेंढीत परत खोचल्या आणि वरून हाताने नीट बसवल्या.

"आनंदाबाई," एक म्हातारी हळूच म्हणाली, "तू बोल न काई."

आनंदाबाईचे ओठ हलले. टोळी तिची होती. या बायांच्या दारात जाऊन त्यांच्या सासवांना, नवऱ्यांना 'माह्या संग हाय, काई होत नाई' असे सांगणारी तीच होती. आणि पुढच्या सीटवर बसलेली पाठही तिचीच होती, जिला ती रात्री तेल लावत असे. शब्द त्या दोहोंच्या मधे कुठेतरी अडला. गाडी सुटली.

नाल्याच्या उतारावर रूपरावने ब्रेक दाबला नाही. रागात होता की नेहमीचाच वेग होता, हे नंतर त्यालाही सांगता आले नसते. खालच्या दगडावर मागची चाके चढली आणि गाडीने बायांना पूर्ण सोडून दिले. क्षणभर पत्र्यावर कोणाचाच भार नव्हता. मग सगळ्या खाली आल्या. रुख्मिणी चाकावरच्या लोखंडी कडेवर आली.

ती ओरडली नाही. तिने फक्त श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडायचा विसरली.

*

बागेत तिला दोघींनी धरून उतरवले. उजवा पाय जमिनीवर ठेवला की कंबरेतून वीज जात होती. आनंदाबाईने तिला एका झाडाखाली कुशीवर निजवले. वर पाने दाट होती आणि त्यांतून पिकली फळे तिच्या चेहऱ्यापर्यंत लोंबत होती.

"इले सावंगीच्या दवाखान्यात न्या लागन," आनंदाबाई म्हणाली.

"नेऊ ना," प्रभाकरराव म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "पन ट्रक उभा हाय हायवेले. गाडी भरली का तिच्यातच बसवून दे समोर. खाली गाडी कायले पळवता?"

"शेट, दुपार होईन तोवर."

"मंग हात चालवा पटापट. जितकं लवकर भरान तितकं लवकर जाईन ते."

अशा रीतीने रुख्मिणीच्या कंबरेचे दुखणे त्या दिवशीच्या तोडणीचा वेग झाले. बाया न बोलता काम करीत होत्या. कातरीचा आवाज, फळ कॅरेटमध्ये ठेवल्याचा आवाज, आणि मधूनच झाडाखालून येणारा एक बारीक हुंकार. कॅरेट ओढून नेताना आनंदाबाई प्रत्येक वेळी वाट वाकडी करून त्या झाडापाशी जाई, पाणी पाजी आणि परत येई. तिच्या तळहातावर संत्र्याच्या सालीचे तेल चढले होते. त्याच हाताने तिने रुख्मिणीच्या डोळ्यांवरचे केस सारले तेव्हा रुख्मिणीच्या डोळ्यांतून पाणी आले. तेलाने आले की आणखी कशाने, दोघींनीही विचारले नाही.

दुपार कलता गाडी भरली. रुख्मिणीला समोरच्या सीटवर बसवले, आनंदाबाई तिला धरून दाराच्या बाजूला बसली. नाला जवळ आला तशी रुख्मिणीने डोळे घट्ट मिटले आणि आनंदाबाईचे मनगट धरले. तिची नखे आत रुतली.

गाडी उतरली, खालच्या दगडावर चढली आणि पलीकडे निघाली. काहीच झाले नाही. मागे वीस कॅरेट होते. त्यांच्या भाराखाली ते पाटे आज्ञाधारकपणे दबले आणि आज्ञाधारकपणे उठले. गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. मनगटावरची पकड सुटत गेली. हायवे लागायच्या आत, दुखऱ्या कंबरेनिशी, रुख्मिणी आनंदाबाईच्या खांद्यावर डोके टाकून झोपी गेली.

आनंदाबाई तिच्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली. हीच गाडी, हाच रस्ता, हाच माणूस.  मागे वळून पाहिले तर तणसाच्या गादीवर संत्री थंडपणे चकाकत होती.

सावंगीला फोटो काढला. हाड मोडलेले नव्हते; मणक्याला दणका बसला होता. महिनाभर निजून राहा, असे सांगितले. परतताना रुख्मिणी म्हणाली, "मी महिनाभर निजली त माही सासू मले उभी सोलन, आनंदाबाई."

"तू बरी होय. तू येशीन तोवर ते दोन पाटे निंघाले रायतीन. मी काढून घेतो. माह्या तोंडचं सांगतो तुले."

"भाऊजी आयकतीन?"

"त्याईले आयकाच लागन," आनंदाबाई म्हणाली.

*

घरी मुलगी, समीक्षा, आईच्या पाठीला तिळाचे तेल चोळत होती. चाकाच्या कडेचा वळ पाठीवर आडवा उमटला होता, जांभळा, मधे पिवळा. रूपराव अंगणात हातपाय धुऊन आत आला. समीक्षाने वळावर पदर ओढला नाही. त्याने पाहिले आणि खुंटीवरचा टॉवेल घेतला.

"ते दोन पाटे काढा," आनंदाबाई पालथी निजल्या निजल्याच म्हणाली.

"कायले?"

"कायले म्हनजे? रुख्मिणी निजून पडली थे दिसत नाई तुमाले?"

"पाटे काढले त उद्या गाडी नाल्यात बसते, परवा पिकप येते. मंग तू अन् तुया बाया बसा घरी पाठ चोळत. पाहून घे तूच."

"मंग सकाळी रेतीचे पोते टाका. भार असला का गाडी मऊ चालते, म्या आज पाह्यलं. बागेत उतरवून टाकाचे, दुसऱ्या दिवशी भराचे."

रूपराव हसला. हसण्यात थकवा होता, आणि थकव्याखाली काहीतरी टणक. "म्हनजे आता बायाईले बसाले मऊ पायजे म्हनून मी रोज रेती वाहू? लोकं हासतीन मले. डिझल लागते त्याले."

"तणस वाह्यता तवा नाई हासत लोकं?"

"थो माल हाय, आनंदा!"

ती उठून बसली. समीक्षा तेलाची वाटी घेऊन बाजूला झाली.

"तानबानं सवाऱ्या इचारल्या तवा तुमी काय सांगतलं?"

"कवा?"

"पाटे टाकत होते तवा. मी तथीच बसली होती."

रूपरावने कपाळ आक्रसले. तो खरोखरच आठवून पाहत होता, आणि त्याला खरोखरच आठवत नव्हते. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो खोटे बोलला असता तर ती भांडली असती. या विसरण्याशी भांडायला तिला हात सापडेना.

"काय सांगतलं मी?"

"सवाऱ्या नाई म्हनले."

"मंग हायेत का सवाऱ्या? तिकीट काढता का तुमी?" तो समीक्षाकडे पाहून म्हणाला, तिने तरी हसावे म्हणून. ती हसली नाही. तेव्हा त्याचा आवाज चढला. "सात वर्सं फुकट नेतो सगळ्याईले. एकीनं कधी चहा पाजला मले? शेटनं भरल्या लोकांत मले तुटला म्हनलं, तवा तुमी काऊन नाई बोलल्या? तवा फिदीफिदी हासल्या! आता मी गाडी उभी केली त तुमच्या ढुंगनाले लागते!"

"हाव, लागते," आनंदाबाई म्हणाली. "म्या तिले सांगून आली. पाटे निंघतीन म्हनून."

"कोनाले इचारून सांगतलं?"

तिने पाठीवरचा पदर ओढून घेतला.

"भार पायजे ना तुले?" रूपराव म्हणाला. टॉवेल त्याने खाली फेकला नाही. घडी करून खुंटीवर ठेवला, आणि ते फेकण्यापेक्षा वाईट होते. "ठीक हाय. भार पायजे त भार आनतो. उद्या पाय."

*

सकाळी बाया चढल्या तेव्हा गाडीत तणस नव्हते. त्याने ते टपावर बांधले होते. बायांना वाटले, आनंदाबाई बोलली. म्हातारीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आनंदाबाईलाही क्षणभर वाटले, की माणूस रात्रीत थोडासा वितळला असेल.

गाडी नेहमीच्या वाटेने गेली नाही. ती टेकडीखालच्या टोलीकडे, तिथल्या लहानशा वस्तीकडे वळली. तिथे रस्त्याच्या कडेला दहाएक बाया डबे घेऊन उभ्या होत्या. रूपराव पहाटेच सायकलने येऊन सांगून गेला होता. तो उतरला आणि त्याने मागचे दार उघडले.

"चला, बसा. सरका वो आतल्या. मांडीवर बसा एकमेकीच्या, लाजता कायले? शेटले हात पायजेच हायेत, बाग उरकाची हाय."

"अवो, जागा कुठी हाय?"

"व्हते जागा. गाडी मजबूत हाय आता."

त्या चढल्या. काम हवे होते, म्हणून चढल्या. मांडीवर मांडी, पाठीला छाती, डब्यांचे कोपरे बरगड्यांत. एक ओळखदेख नसलेली मुलगी, समीक्षाच्या वयाची, आनंदाबाईच्या मांडीवर येऊन बसली आणि ओशाळून म्हणाली, "मी हलकीच हाय, मावशी." तिच्या केसांत काल लावलेल्या तेलाचा वास होता. कोणाचा तरी श्वास आनंदाबाईच्या मानेवर येत होता, कोणाची तरी टाच तिच्या पोटरीवर होती. रूपरावने दार लावले. ते एका झटक्यात लागेना, तेव्हा त्याने गुडघा लावून ढकलले. मग तो दोन पावले मागे सरकला आणि खाली वाकून कमानीकडे पाहू लागला. गाडीची शेपटी नमली होती. गाडी जमिनीला समांतर उभी होती.

गाडी बागेच्या वाटेला लागली. खड्डे आले आणि गेले. गाडी डुलत होती, झुलत होती, आणि ते इतके सुखाचे होते की गुदमरलेल्या बायांच्या चेहऱ्यांवर हळूहळू आश्चर्य उमटू लागले. नाल्याचा उतार आला. आनंदाबाईने मांडीवरच्या पोरीच्या कंबरेला मिठी घातली आणि दात मिटले. पाटे दबले, उठले, पुन्हा दबले. गाडी अलगद पलीकडे गेली.

"अगं बाई," मागून म्हातारीच्या तोंडून निघून गेले, "आज नाई लागलं वो."

ते खरे होते. आनंदाबाईला कुठेच लागले नव्हते. पाठीचा वळसुद्धा शांत होता. तिच्या अंगावर दुसऱ्या बाईचे अंग होते, त्यावर तिसरीचे, आणि त्या सगळ्या मिळून आता पाट्यांना पुरेल इतक्या जड झाल्या होत्या.  

बागेच्या फाटकापाशी प्रभाकरराव उभे होते. गाडी थांबली, दार उघडले, आणि बाया एकीमागून एक बाहेर सांडू लागल्या. प्रभाकररावांनी मोजता मोजता हात वर केला.

"अरे वा, रूपराव! पूरी बारात घेऊन आला!"

"भार, शेट," रूपराव म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. ज्याला उत्तर सापडले आहे आणि जो ते सगळ्यांना दाखवू इच्छितो अशा पोरासारखा. "सगळा खेळ भाराचा हाय. भार कमी पडत होता, बाकी पाट्याचा काई दोष नोयता. आता इचारा याईलेच."

आनंदाबाई शेवटी उतरली. मांड्या बधिर झाल्या होत्या. तिने गाडीच्या दाराला धरून एकदा पाय झटकला. बाया पदर सारखे करीत, डबे शोधत उभ्या होत्या, पण त्यांचे लक्ष तिच्याकडे होते.

रूपराव तिच्यासमोर आला. तो ओरडत नव्हता. त्याच्या आवाजात जिंकणे होते, आणि त्या जिंकण्याच्या तळाशी, एखाद्याने बारकाईने ऐकले असते तर, विनवणीही होती.

"सांग आता. सगळ्याईपुढं सांग, शेटपुढं सांग. म्या काढले पाटे? नाई काढले. लागलं का तुले आज? अं? एवढं सांग फक्त. लागलं का?"

फाटकापाशी सगळे थांबले. प्रभाकररावसुद्धा कौतुकाने वाट पाहू लागले. म्हातारीने खाली मान घातली, कारण उत्तर तिच्या तोंडून आधीच गेले होते.

आनंदाबाईने नवऱ्याकडे पाहिले. अनोळखी माणसाकडे पाहावे तसे. मग तिने कमरेला खोचलेली तोडणीची कातर काढली, त्या टोलीवरच्या पोरीच्या हातात दिली आणि फाटकाकडे पाठ केली. आलेल्या रस्त्यानेच ती निघाली. पाय अजून जड होते, म्हणून चाल हळू होती.

"कुठी चालली?" रूपराव म्हणाला. "आनंदा! अवो, म्या काय इचारून राह्यलो तुले? लागलं का नाई लागलं?"

ती नाल्याच्या उतारावर पोचली होती. रुख्मिणीचे घर तिथून पायी दूर होते, आणि ती चालत राहिली.